आरासचा तह, १४३५ : राजाने आपल्याच मांडलिकाची क्षमा कशी मागितली

२१ सप्टेंबर १४३५ रोजी उत्तर फ्रान्समधील आरास शहरात, सँ-व्हास्तच्या मठाच्या चर्चमध्ये, झान तुदेर नावाच्या एका धर्माधिकाऱ्याने बर्गंडीचा ड्यूक फिलिप याच्यासमोर गुडघे टेकले. तुदेर हा पॅरिसच्या मुख्य चर्चचा डीन होता. त्या क्षणी मात्र तो फ्रान्सचा राजा सातवा चार्ल्स याच्या वतीने बोलत होता आणि सोळा वर्षांपूर्वी झालेल्या ड्यूकच्या वडिलांच्या खुनाबद्दल क्षमा मागत होता. फिलिपने त्याला हात देऊन उठवले, आलिंगन दिले आणि मग क्रूसावर हात ठेवून, राजाशी पुन्हा वैर धरणार नाही, अशी शपथ घेतली. ज्या काळात मांडलिकाने राजासमोर गुडघे टेकायचे हा समाजव्यवस्थेचा पायाच मानला जात होता, त्या काळात राजाचा माणूस मांडलिकासमोर गुडघ्यावर बसतो आणि तरीही राजा हा राजाच राहतो, हे कसे जमवले गेले, ते समजून घेण्यासारखे आहे.

सुरुवात 'मांडलिक' या शब्दापासूनच करावी लागेल. मध्ययुगीन युरोपात जमीन आणि निष्ठा या एकाच व्यवहाराच्या दोन बाजू होत्या. मोठा धनी आपल्या सरदाराला एखादा प्रदेश वंशपरंपरेने देत असे. त्याच्या मोबदल्यात सरदार धन्यासमोर उघड्या डोक्याने आणि निःशस्त्र गुडघे टेकून, आपले जोडलेले हात त्याच्या हातांत देऊन, 'मी तुमचा माणूस झालो' असे म्हणत असे. हा विधी दर पिढीत नव्याने करावा लागे. धनी मेला की त्याच्या वारसापुढे आणि सरदार मेला की त्याच्या मुलाने. मात्र बंधन दुहेरी होते. सरदाराने लढाईत आणि सल्लामसलतीत साथ द्यायची आणि धन्याने त्याचे रक्षण करायचे, त्याला न्याय द्यायचा. त्यामुळे धन्यानेच जर सरदाराच्या घरात खून पाडला, तर निष्ठेचे काय उरते, हा प्रश्न त्या काळच्या माणसाला अगदी खरा आणि गंभीर वाटत असे.

बर्गंडीचे ड्यूक साधे सरदार नव्हते. १३६३ मध्ये फ्रान्सचा राजा दुसरा जॉन याने ही जहागीर आपल्या धाकट्या मुलाला दिली. पुढे विवाह आणि वारसाहक्क यांच्या बळावर फ्लँडर्स आणि आर्त्वा हे प्रदेश या घराण्याकडे आले, आणि १४३० ते १४३३ या काळात ब्राबांट, हॉलंड, झीलंड आणि हेनो यांचीही भर पडली. ब्रूज आणि गेंटसारखी कापडाच्या व्यापारावर गबर झालेली शहरे त्यांच्या अमलाखाली होती. यांतला फ्रान्सच्या बाजूचा मुलूख फ्रेंच राजाची जहागीर म्हणून, तर पूर्वेकडचा मुलूख जर्मन सम्राटाची जहागीर म्हणून त्यांच्याकडे होता. म्हणजे एकच माणूस दोन धन्यांचा मांडलिक होता आणि वैभवात दोघांच्याही तोडीस तोड होता.

मुळात हे सगळे प्रकरण भाऊबंदकीचे होते. सातवा चार्ल्स आणि ड्यूक फिलिप यांचा पणजोबा एकच, तो दुसरा जॉन. चार्ल्सचा बाप सहावा चार्ल्स १३९२ पासून वेडाच्या झटक्यांनी ग्रासलेला होता, आणि त्याच्या नावाने राज्य कोणी चालवायचे यावरून राजाचा भाऊ, ऑर्लेआँचा ड्यूक लुई, आणि चुलतभाऊ, बर्गंडीचा ड्यूक जॉन, यांच्यात हाडवैर पेटले. नोव्हेंबर १४०७ मध्ये जॉनने लुईचा पॅरिसच्या रस्त्यावर खून करवला आणि तो योग्यच होता असे उघडपणे सांगितले. त्यातून यादवी सुरू झाली. इंग्लंडचा राजा पाचवा हेन्री याने १४१५ मध्ये आजँकूरच्या रणावर फ्रेंचांचा धुव्वा उडवला, तेव्हा शत्रू दारात असतानाही ही यादवी थांबली नाही. अखेर दोन्ही पक्षांनी समेट करायचे ठरवले आणि १० सप्टेंबर १४१९ रोजी मोंतरो येथे, नदीवरच्या पुलावर, सोळा वर्षांचा युवराज चार्ल्स आणि बर्गंडीचा जॉन समोरासमोर आले. भेट सुरक्षित व्हावी म्हणून पुलावर खास आडोसे उभारून बंदिस्त जागा केली होती. त्याच जागेत युवराजाच्या माणसांनी जॉनला ठार केले.

जॉनचा मुलगा फिलिप तेव्हा तेवीस वर्षांचा होता, आणि त्याची पत्नी मिशेल ही याच युवराजाची सख्खी बहीण होती. बापाचा खून मेहुण्याच्या डोळ्यांदेखत झाला. पुढे आयुष्यभर फिलिप काळा पोशाख वापरत राहिला आणि त्याच्या चित्रांत तो तसाच दिसतो.

सूड घेण्याचा जो मार्ग फिलिपने निवडला, त्यानेच पुढची सगळी गुंतागुंत निर्माण केली. तो इंग्रजांना जाऊन मिळाला. २१ मे १४२० रोजी त्र्वा येथे झालेल्या तहानुसार वेड्या सहाव्या चार्ल्सने आपल्या मुलाचा हक्क बाजूला सारून इंग्लंडच्या पाचव्या हेन्रीला जावई आणि वारस केले, आणि फिलिपने हा तह पाळण्याची शपथ घेतली. म्हणजे आता तो इंग्रज वारसाचा शपथबद्ध पाठीराखा झाला. १४२२ मध्ये पाचवा हेन्री आणि सहावा चार्ल्स दोघेही मेले आणि नऊ महिन्यांचा सहावा हेन्री दोन्ही देशांचा राजा म्हणून घोषित झाला. त्याचा काका बेडफर्ड फ्रान्सचा कारभार पाहू लागला, आणि १४२३ मध्ये त्याने फिलिपची बहीण ॲन हिच्याशी लग्न केले. दक्षिणेत बूर्जच्या आसपास उरलेला चार्ल्स स्वतःला राजा म्हणवत होता, पण उत्तरेत त्याला राजा म्हणणारे फार थोडे होते.

शांततेची गरज कोणाला कळत नव्हती असे नाही. १७ जुलै १४२९ रोजी रँस येथे चार्ल्सचा राज्याभिषेक झाला, त्याच दिवशी चार्ल्सच्या बाजूने लढणाऱ्या जोन ऑफ आर्कने फिलिपला पत्र लिहविले, आणि ते पत्र आजही लीलच्या दप्तरखान्यात आहे. दोघांनीही एकमेकांना मनापासून आणि पूर्णपणे क्षमा करावी, खऱ्या ख्रिस्ती माणसांनी करावी तशी, आणि लढायचेच असेल तर दुसरीकडे जाऊन लढावे, असे एका खेड्यातल्या सतरा-अठरा वर्षांच्या मुलीने युरोपातल्या सर्वांत श्रीमंत ड्यूकला बजावले होते. त्याच ऑगस्टमध्ये चार्ल्सच्या वकिलांनी आरासलाच फिलिपची भेट घेतली. (हा 'वकील' मराठ्यांच्या कागदपत्रांतला, म्हणजे राजदूत, कोर्टातला नव्हे.) सावॉयच्या ड्यूकच्या मध्यस्थीने त्यांनी क्षमायाचना, भरपाई आणि मांडलिकीतून वैयक्तिक सूट असे जवळजवळ तेच प्रस्ताव ठेवले होते, जे सहा वर्षांनी मान्य झाले. मला या गोष्टीचे फार महत्त्व वाटते, कारण तहाच्या अटी सुचणे ही सहसा सोपी पायरी असते. त्या अटी स्वीकारता याव्यात, स्वीकारूनही माणसाची मान ताठ राहावी, अशी परिस्थिती तयार होणे, यातच वेळ जातो. दरम्यान १४३० मध्ये बर्गंडीच्याच सैन्याने कॉम्पिएन्य येथे जोनला पकडले, इंग्रजांना विकले, आणि पुढच्या मे महिन्यात तिला रुआँत जिवंत जाळण्यात आले.

परिस्थिती हळूहळू पालटत गेली. नोव्हेंबर १४३२ मध्ये फिलिपची बहीण ॲन वारली आणि काही महिन्यांतच बेडफर्डने फिलिपला न विचारता दुसरे लग्न केले, तेही त्याच्याच प्रभावक्षेत्रातल्या घराण्यात. चार्ल्सच्या दरबारात १४३३ मध्ये बर्गंडीविरोधी मर्जीतला माणूस ला त्रेमुई पदच्युत झाला आणि त्याच्या जागी सेनापती रिशमाँचे वजन वाढले. रिशमाँची पत्नी मार्गारेट ही फिलिपची बहीण, आणि चार्ल्सचा दुसरा मोठा सरदार बूर्बाँ याची पत्नी आग्नेस हीसुद्धा फिलिपचीच बहीण. ॲनच्या मृत्यूने इंग्रजांकडचा दोर तुटला होता आणि फ्रेंच बाजूला दोन दोर शिल्लक होते. त्यातच डिसेंबर १४३४ मध्ये जर्मन सम्राट सिगिस्मुंडनेही फिलिपविरुद्ध युद्ध पुकारले. दोन्ही धन्यांशी एकाच वेळी वैर परवडणारे नव्हते.

जानेवारी १४३५ मध्ये नव्हेर येथे फिलिप, बूर्बाँ आणि रिशमाँ हे मेहुणे एकत्र आले. मेजवान्या, नाचगाणी आणि बहीणभावांच्या भेटी यांतच तहाचा सांगाडा ठरला आणि उन्हाळ्यात आरासला मोठी परिषद भरवायची असे पक्के झाले. त्या काळचा एक इतिवृत्तकार सांगतो की, हा जल्लोष पाहून एका बर्गंडियन सरदाराच्या तोंडून निघून गेले की, राजेरजवाड्यांच्या मर्जीखातर आपण जीव आणि आत्मा पणाला लावणे हा मूर्खपणा आहे, कारण त्यांच्या मनात येईल तेव्हा ते गळ्यात गळे घालतात आणि आपण मात्र कंगाल आणि उद्ध्वस्त होऊन राहतो. ज्यांच्या शेतांवरून ही सैन्ये गेली, त्यांच्या मनातलेच हे बोल असावेत.

आरासची परिषद ऑगस्ट १४३५ मध्ये सुरू झाली. मध्यस्थ दोन होते. पोप चौथा यूजीन याच्या वतीने कार्डिनल (पोपच्या खालोखालचा धर्माधिकारी) निकोलो अल्बेर्गाती आला होता, आणि पोपशी ज्यांचे बिनसले होते त्या बाझेलच्या धर्मपरिषदेच्या वतीने सायप्रसचा कार्डिनल ह्यू आला होता. चर्चमध्येच फूट असताना दोघांनाही या तहाचे श्रेय हवे होते, त्यामुळे दोघेही कसून कामाला लागले. इंग्रजांच्या वतीने यॉर्कचा आर्चबिशप जॉन केम्प आणि नंतर कार्डिनल बोफर्ट आले. फ्रेंचांच्या वतीने बूर्बाँ, रिशमाँ आणि चान्सेलर, म्हणजे राजाचा मुख्य मंत्री, रेन्यो द शार्त्र होते. हा रँसचा आर्चबिशपही होता. मठाच्या एका अधिकाऱ्याने या दिवसांची रोजनिशी लिहून ठेवली आहे, आणि त्यामुळे कोण कधी आले, कोण कोणाकडे जेवले, मिसा (चर्चमधले प्रार्थनाविधी) कोणत्या झाल्या, हे आज तपशिलाने कळते.

एक गोष्ट आजच्या वाचकाला विचित्र वाटेल. फ्रेंच आणि इंग्रज वकील समोरासमोर बसून बोललेच नाहीत. कारण उघड होते. दोघांचाही राजा स्वतःला फ्रान्सचा राजा म्हणवत होता, त्यामुळे समोर बसून एकमेकांची अधिकारपत्रे स्वीकारणे म्हणजेच अर्धा दावा सोडणे झाले असते. म्हणून दोन्ही पक्ष वेगवेगळ्या दालनांत बसत आणि कार्डिनल निरोप्यांसारखे इकडून तिकडे प्रस्ताव नेत. इंग्रजांना दीर्घ मुदतीची युद्धबंदी आणि राजघराण्यांत सोयरीक हवी होती. फ्रेंचांनी टप्प्याटप्प्याने मुलूख वाढवत अखेर नॉर्मंडीसुद्धा देऊ केला, पण फ्रेंच राजाची जहागीर म्हणून आणि फ्रान्सच्या राजमुकुटावरचा दावा सोडण्याच्या अटीवर. राजमुकुटाच्या प्रश्नावर कोणीच हटेना. ६ सप्टेंबरला इंग्रज शिष्टमंडळ आरास सोडून निघून गेले. तोडगा निघत नाही हे फिलिपने डोळ्यांनी पाहिले, आणि हेच त्याला हवे होते असे मानायला पुष्कळ जागा आहे. सर्वांचा तह व्हावा म्हणून आपण प्रयत्न केला, पण इंग्रजच उठून गेले, असे आता त्याला म्हणता येत होते.

तरीही शपथेचा प्रश्न उरलाच. मध्ययुगात शपथ ही देवाला साक्षी ठेवून घेतलेली असे, आणि ती मोडणे हे लौकिक फसवणुकीच्या पलीकडचे पाप होते. फिलिप तर नुकताच, १४३० मध्ये, 'गोल्डन फ्लीस' या सरदारांच्या संघाचा संस्थापक झाला होता, आणि निष्ठा व शौर्य हेच त्या संघाचे ब्रीद होते. त्यानेच त्र्वाची शपथ मोडली, तर त्याच्या स्वतःच्या मांडलिकांनी त्याला दिलेल्या शपथांची किंमत काय राहणार होती?

इथे कायदेपंडित कामाला आले. कार्डिनलांबरोबर आलेले धर्मशास्त्राचे आणि कायद्याचे जाणकार, तसेच फिलिपचा चान्सेलर निकोला रोलँ, यांनी लेखी युक्तिवाद तयार केले. एक युक्तिवाद असा होता की, सहावा चार्ल्स भानावर नव्हता आणि दुसऱ्यांच्या ताब्यात होता, म्हणून त्याने केलेला करार मुळातच पोकळ होता. दुसरा असा की, राज्य ही राजाची खाजगी मालमत्ता नसते. त्यामुळे स्वतःच्या मुलाला, तेही त्याचे म्हणणे न ऐकता, बेदखल करून ते परक्याला देण्याचा अधिकार राजाला नाही. तिसरा असा की, जी शपथ युद्ध आणि रक्तपात चालू ठेवायला भाग पाडते, ती पापाकडे नेते, आणि पाप करण्याची शपथ बांधील नसते. रोलँने यात एक खास वकिली मुद्दा जोडला. पाचवा हेन्री ३१ ऑगस्ट १४२२ रोजी मेला आणि सहावा चार्ल्स २१ ऑक्टोबरला, म्हणजे ५१ दिवसांनी. सासरा जिवंत असताना जावई गेला, म्हणजे त्याला राज्य मिळालेच नाही. आणि जे त्याला मिळाले नाही, ते तो मुलाला कुठून देणार? हा मुद्दा चलाख आहे, पण भक्कम नाही, कारण त्र्वाच्या तहात हेन्रीबरोबर त्याच्या वारसांचाही उल्लेख स्पष्ट होता. रोलँला हे ठाऊक नसेल असे मुळीच नाही. त्याला खटला जिंकायचा नव्हता. ड्यूकच्या विवेकाला टेकायला कागदाची भिंत हवी होती, आणि ती त्याने उभी करून दिली. अखेर कार्डिनलांनी आपल्या अधिकारात फिलिपला त्र्वाच्या शपथेतून मोकळे केले.

या सल्लागारांना मोबदलाही मिळाला. चार्ल्सने ६ जुलै १४३५ रोजीच, म्हणजे परिषद भरण्याच्या आधी, रोलँ आणि ड्यूकचे इतर सल्लागार यांच्यात वाटण्यासाठी साठ हजार सुवर्णनाणी गुपचूप मंजूर केली होती. आजच्या नजरेने ही सरळ लाच आहे. त्या काळी परक्या राजाकडून तनखा घेणे सर्रास चालत असे, आणि रोलँने केवळ पैशासाठी मत बदलले असे म्हणता येत नाही. पण पैसा वाटाघाटींना वंगण म्हणून वापरला गेला, हे नाकारण्यात अर्थ नाही. फिलिपची पत्नी इझाबेला ही पोर्तुगालची राजकन्या. तिनेही दोन्ही बाजूंमध्ये रदबदली केली होती, आणि चार्ल्सने त्याबद्दल तिला वर्षाला चार हजार लिव्हर (फ्रेंच चलन) एवढा तनखा बांधून दिला.

मग क्षमायाचनेचे कलम. माझ्या मते या तहातली सर्वांत कौशल्याची भाषा इथे आहे. राजाच्या वतीने जे म्हटले गेले, त्याचा आशय असा : ड्यूक जॉनचा मृत्यू ज्यांनी घडवला त्यांनी तो दुष्टपणे आणि वाईट सल्ल्याने घडवला, राजाला त्याचे नेहमीच दुःख वाटत आले आहे, त्याला आज आहे तेवढे वय आणि समज तेव्हा असती आणि काय होणार हे ठाऊक असते, तर त्याने ते सर्व शक्तीनिशी थांबवले असते, पण तेव्हा तो फार लहान होता, आणि ड्यूकने आपल्या मनातले वैर काढून टाकावे अशी तो विनंती करतो. हा मसुदा दोनदा वाचला की कळते, खून झाला हे मान्य आहे, तो दुष्कृत्य होता हे मान्य आहे, दुःख आणि विनंतीही आहे, पण 'मी केला' किंवा 'मी करवला' हे शब्द कुठेही नाहीत. दोष 'वाईट सल्ला देणाऱ्यां'कडे जातो आणि उरलेला वयाकडे. फिलिपला जाहीर क्षमायाचना मिळाली. चार्ल्सला राजपद शाबूत मिळाले, कारण खुनी म्हणून सिद्ध झालेला राजा मांडलिकाचा धनी राहू शकला नसता. शिवाय गुडघे टेकले ते तुदेरने. राजा शेकडो कोस दूर होता.

प्रायश्चित्त मात्र ठोस ठरले. मोंतरो येथे प्रार्थनामंदिर बांधून जॉनच्या आत्म्यासाठी रोज मिसा म्हणावी, तिथेच एक प्रमुख आणि बारा भिक्षू यांचा मठ स्थापावा, पुलावर, जिथे खून झाला तिथे, एक क्रूस उभारावा, आणि दिजाँजवळच्या मठात, जिथे जॉनला पुरले होते, तिथेही रोज मिसा व्हावी, हे सर्व राजाच्या खर्चाने. खुनाच्या वेळी लुटलेल्या जडजवाहिराबद्दल पन्नास हजार सुवर्ण एक्यू द्यावेत आणि खुन्यांना शिक्षा व्हावी, असेही होते. या कलमांची अंमलबजावणी मोठ्या प्रमाणात कागदावरच राहिली. पण पुलावरच्या क्रूसाचा विषय निघाला की मला नेहमी पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातले यान व्हान आयकचे चित्र आठवते. त्यात चान्सेलर रोलँ हात जोडून मेरीसमोर बसला आहे, आणि मागे खूप दूरवर एक नदी आहे, नदीवर पूल आहे आणि पुलाच्या मध्यभागी एक बारीकसा क्रूस आहे. हे चित्र साधारण १४३५ च्याच सुमाराचे, आणि तो क्रूस म्हणजे मोंतरोच्या कलमाची आठवण असावी असे काही कलाभ्यासकांना वाटते. तसे असेल तर रोलँने आपल्या आयुष्यातले सर्वांत मोठे काम नखाएवढ्या जागेत नोंदवून ठेवले.

मुलखाच्या वाटणीत माकाँ आणि ओसेर या काउंटी, तसेच पेरॉन, माँदिदिए आणि र्वा ही ठाणी फिलिपला मिळाली. सर्वांत महत्त्वाचे कलम सोम नदीकाठच्या शहरांचे होते. आमियाँ, आब्बव्हील, सँ-कांतँ अशी ही मोक्याची शहरे फिलिपकडे गेली, पण राजाने चार लाख सुवर्ण एक्यू मोजले की ती परत करायची होती. आपल्याकडच्या भाषेत सांगायचे तर हे कायमचे खरेदीखत नव्हते. ताबा दिलेले गहाणखत होते. दोघांनाही ते सोयीचे होते. फिलिपला वाटले, एवढी रक्कम फ्रान्सचा राजा कधी उभी करणार? राजाला म्हणता आले, राज्याचा तुकडा दिला नाही, तारण ठेवला. चार्ल्सच्या हयातीत पैसे उभे राहिले नाहीत. त्याचा मुलगा अकरावा लुई युवराज असताना बापाशी भांडून १४५६ मध्ये फिलिपच्याच आश्रयाला गेला होता आणि पाच वर्षे त्याच्याच अन्नावर राहिला. राजा झाल्यावर त्याने १४६३ मध्ये पूर्ण चार लाख एक्यू भरून ही शहरे सोडवून घेतली. फिलिपचा मुलगा चार्ल्स यामुळे इतका संतापला की, दोन वर्षांत त्याने इतर सरदारांसह राजाविरुद्ध उठाव करून ती पुन्हा मिळवली.

तहाला हमी कशाची, हाही प्रश्न होता. आधीचे कितीतरी तह मोडलेले होते. इथे योजलेला उपाय मोठा धारदार होता : जो पक्ष तह मोडेल, त्याचे स्वतःचे मांडलिक आणि प्रजा त्याच्या आज्ञेतून मुक्त होतील आणि त्यांनी दुसऱ्या पक्षाला मदत करावी. राजाने आपल्या सरदारांना आपल्याविरुद्ध उभे राहण्याचा परवाना आधीच लिहून दिला, आणि वर चर्चच्या बहिष्काराचे भय होतेच. आणखी एक लहानसे कलम मला फार बोलके वाटते. बर्गंडीचे सैनिक छातीवर संत अँड्र्यूचा तिरका क्रूस लावत. ते राजाच्या फौजेत आले तरी त्यांना दुसरे चिन्ह लावण्याची सक्ती होणार नाही, असे ठरले. धनी एक झाला, तरी ओळख पुसली जाणार नव्हती.

परिणाम लगेच दिसू लागले. बेडफर्ड तहाच्या आठवडाभर आधी, १४ सप्टेंबरला, रुआँत वारला. फिलिपचे दूत लंडनला पत्र घेऊन गेले, तेव्हा त्यात सहाव्या हेन्रीला फ्रान्सचा राजा आणि आपला सार्वभौम धनी म्हटलेले नव्हते. तेरा वर्षांच्या त्या मुलाला हे वाचून रडू फुटले, असे समकालीन वृत्तांत सांगतो. १३ एप्रिल १४३६ रोजी रिशमाँ इंग्रजांच्या ताब्यातल्या पॅरिसमध्ये शिरला. फिलिपलाही किंमत मोजावी लागली. त्याने १४३६ मध्ये इंग्रजांच्या कॅले बंदराला वेढा घातला, पण फ्लँडर्सची नागरी पथके अर्ध्यातून घरी निघून गेली. पुढच्या वर्षी ब्रूज शहरच त्याच्याविरुद्ध उठले. युद्ध संपायला १४५३ साल उजाडले, पण बर्गंडीचा आधार गेल्यानंतर इंग्रजांना फ्रान्समध्ये पाय रोवून राहणे कधीच पूर्वीसारखे जमले नाही.

आता शेवटचे आणि माझ्या दृष्टीने सर्वांत सूक्ष्म कलम, मांडलिकीचे. बापाचा खून ज्याच्या माणसांनी केला, त्याच्या हातांत हात देऊन 'मी तुमचा माणूस' असे म्हणणे फिलिपला अशक्य होते. पण मांडलिकी कायमची रद्द केली असती, तर बर्गंडी, फ्लँडर्स आणि आर्त्वा फ्रान्सपासून तुटले असते आणि चार्ल्सने ते कधीच मान्य केले नसते. म्हणून सूट माणसांना दिली गेली, जहागिरीला नाही. फिलिपने चार्ल्सला मुजरा करायचा नाही, एवढेच ठरले. चार्ल्स आधी वारला, तर फिलिपने त्याच्या वारसासमोर विधी करायचा. फिलिप आधी वारला, तर त्याच्या वारसाने चार्ल्ससमोर. हक्क अबाधित राहिला आणि अपमान टळला, कारण वैर या दोन माणसांमध्ये होते आणि दोघांपैकी कोणीतरी एक जण कधीतरी जाणारच होता. दोघांनीही ही अट पाळली. आरासनंतर सव्वीस वर्षे फिलिप चार्ल्सपुढे वाकला नाही आणि चार्ल्सनेही तसा हट्ट धरला नाही.

२२ जुलै १४६१ रोजी चार्ल्स वारला. ऑगस्टमध्ये रँस येथे अकराव्या लुईचा राज्याभिषेक झाला, तेव्हा पासष्ट वर्षांचा फिलिप मोठ्या लवाजम्यासह हजर होता. तिथे त्याने नव्या राजासमोर गुडघे टेकले, आपले जोडलेले हात त्याच्या हातांत दिले, आणि बर्गंडी, फ्लँडर्स आणि आर्त्वा यांसाठी तो फ्रान्सच्या राजाचा माणूस झाला.